मयतीच्या पाण्याचे कुलूप

पोलीस ठाणे बोरताळ, जि. लातूर
दि. १५ मे २०२५

जबाब देणार: दीपमाला बालाजी इंगोले, वय २७ वर्षे, व्यवसाय नोकरी (पाणीपुरवठा अभियंता, बोरताळ नगरपंचायत), रा. बस स्थानकामागे, कोरे यांच्या घरी भाड्याने, बोरताळ. मूळ रा. मुखेड, जि. नांदेड.

मला आज ठाण्यात बोलावून पाण्याच्या चेंबरचे कुलूप तोडल्याच्या फिर्यादीबाबत विचारपूस केल्यावरून मी समक्ष सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे शिक्षण बी.ई. स्थापत्य असून मी दोन वर्षांपासून बोरताळ नगरपंचायतीत कामाला आहे. तलावातील साठा कमी असल्याने गावाला उन्हाळ्यात आठव्या दिवशी पाणी मिळते. प्रत्येक भागाचा व्हॉल्व्ह रस्त्याखालच्या चेंबरमध्ये असतो. तो ठरलेल्या पाळीप्रमाणे उघडण्याचे काम नरसिंग ग्यानोबा तेलंगे, वय ५४, हे करतात. ते रोजंदारीवर आहेत. गावात त्यांना सर्व जण मामा म्हणतात. मीही म्हणते.

बोरताळमध्ये अशी पद्धत आहे की, ज्या घरी मयत होते त्या गल्लीला पाळी नसली तरी पाणी सोडतात. त्याला मयतीचे पाणी म्हणतात. अंघोळ घालायला आणि बाहेरगावहून येणाऱ्या पाहुण्यांना ते पुरते. त्यासाठी अर्ज लागत नाही. घरातले कोणी मामांना सांगते. बऱ्याचदा सांगायची वेळही येत नाही, मामा आपणहून येतात. घर कोणाचे, मत कोणाला, पाणीपट्टी थकली आहे का, हे पाहत नाहीत. ही पद्धत नगरपंचायतीच्या कोणत्याही नियमात नाही. मी नवीन असताना पाण्याचा ताळेबंद केला तेव्हा हे पाणी मी गळतीत धरले होते.

एप्रिल महिन्याच्या सर्वसाधारण सभेत चेंबरला कुलपे बसविण्याचा विषय होता. पाणीपुरवठा सभापती सोमेश रामलिंग उस्तुरगे यांनी तो मांडला होता. टेकडी गल्ली उंचावर आहे. खालच्या भागातले लोक पाळी नसताना व्हॉल्व्ह उघडून घेतात, त्यामुळे टेकडीवर पाणी चढत नाही, ही त्यांची तक्रार खरी होती. ते स्वतः खालच्या भागात, तेलघाणी गल्लीत राहतात. तरीही त्यांनी विषय मांडला, हे मी मुद्दाम सांगते.

त्या दिवशी विषयपत्रिकेवर पथदिवे, आठवडी बाजाराचा लिलाव, नालेसफाई असे विषय होते. आमच्याकडे एक जण विषय वाचतो आणि सगळे मिळून मंजूर म्हणतात. कुलपांचा विषय मी तांत्रिक म्हणून वाचला. वेळापत्रकाबाहेर कोणत्याही कारणास्तव पाणी सोडू नये, जास्तीचे पाणी हवे असल्यास कार्यालयात अर्ज करावा, असा मसुदा होता. सदस्य रेवणप्पा कोरे, जे माझे घरमालकही आहेत, त्यांनी विचारले, "आन मयतीचं पाणी?" त्यावर सभापती म्हणाले, "काका, सध्या कुणी जायलंय का? तसं असंल तर सांगा, थांबवू कुलपं." सभागृहात सर्वजण हसले. रेवणप्पाही हसले. मी विचारले की अपवाद म्हणून एक ओळ लिहू का. सभापती म्हणाले, "मॅडम, अपवाद लिहिला की गल्लीत रोज एक जण मरंल." परत सर्व हसले. नगराध्यक्षांनी पुढचा विषय घ्या म्हटले. ठराव एकमताने मंजूर झाला. मी ओळ लिहिली नाही.

कुलपे मे महिन्याच्या सुरुवातीला बसविली. सर्व कुलपांना एकच किल्ली लागते. एक किल्ली माझ्याकडे आणि दुसरी कार्यालयाच्या कपाटात असते. पाळीच्या दिवशी मामा माझ्याकडून किल्ली घेतात व काम झाल्यावर परत देतात. शनिवार, रविवार आणि सोमवारची बुद्धपौर्णिमा अशी सलग सुट्टी आली, त्यात कोणत्याही भागाची पाळी नव्हती. म्हणून मी शुक्रवारी सायंकाळी मुखेडला घरी गेले. किल्ली माझ्या स्कूटीच्या किल्लीसोबत जुडग्यात होती. ती मी मामांकडे ठेवून जाऊ शकले असते. ठरावात तशी तरतूद नव्हती.

रविवार दि. ११ मे रोजी सकाळी मला मामांचा फोन आला. ते म्हणाले, "मॅडम, सोमेश मालकाची माय, शरणम्माक्का, लिंगैक्य झाल्या. किल्ली कुठं हाय?" लिंगैक्य म्हणजे वारल्या. मी सांगितले की एक माझ्याकडे आहे, दुसरी कपाटात आहे. कपाटाची चावी लिपिकाकडे होती आणि तो लग्नाला नायगावला गेला होता. मुख्याधिकारी साहेबांचा फोन मी लावला, तो लागला नाही. मी मामांना सांगितले की मी निघते. ते म्हणाले, "या, पन सावकाश या. ऊन लई हाय." कुलूप तोडा असे मी म्हटले नाही. तोडू नका असेही म्हटले नाही.

मी लगेच निघाले. वाटेत सभापतींचे चार फोन येऊन गेल्याचे मी नंतर पाहिले. गाडी चालवताना मी फोन उचलत नाही.

मी तेलघाणी गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा चेंबरचे झाकण उघडे होते. तुटलेले कुलूप बाजूला पडले होते. सोमेश उस्तुरगे चेंबरमध्ये गुडघ्यापर्यंत उतरलेले होते आणि पहार त्यांच्या हातात होती. अंगावर बनियन होते. व्हॉल्व्ह टी आकाराच्या चावीने फिरवतात. त्यांनी पहार आडवी घालून जोर लावला होता, त्यामुळे आतला दांडा वाकून व्हॉल्व्ह बंद स्थितीत अडकला होता. मी किल्ली पुढे केली. त्यांनी किल्लीकडे पाहिले. ते म्हणाले, "कुठल्या अंगानं फिरवायचं असतंय हे मला ठाऊकच न्हाई, मॅडम." ते तीन वर्षे पाणीपुरवठा सभापती आहेत. 

मला विचारण्यात आले की त्या वेळी नरसिंग तेलंगे कोठे होते. ते तेथे नव्हते. लिपिकाच्या घरी कपाटाची चावी मिळते का पाहायला ते गेले होते. ते माझ्यानंतर सायकलवरून आले, खांद्यावर टी चावी होती. कुलूप त्यांनी तोडलेले नाही. दांडाही त्यांनी वाकवलेला नाही. मी पोचले तेव्हा पहार सभापतींच्या हातात होती हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले असून याबाबत मला शंका नाही.

मामांनी खाली वाकून व्हॉल्व्ह पाहिला आणि मान हलवली. मग सभापतींना म्हणाले, "मालक, द्या ती पहार इकडं. घरी जावा. माय वाट बघायलीय." त्यांनी पहार काढून घेतली व हाताला धरून त्यांना वर घेतले. सभापती गेल्यावर मामा पहार घेऊन तेथेच उभे राहिले. थोड्या वेळाने मुख्याधिकारी साहेब लातूरहून आले. त्यांनी मोबाइलवर फोटो काढले. फिर्यादीसोबत जोडलेला फोटो तोच आहे. कोणी तोडले, असे त्यांनी विचारले. मामा म्हणाले, "मी." जमलेल्या लोकांपैकी कोणी काही बोलले नाही. मीही त्या क्षणी बोलले नाही. समोरच्या घरातून रडण्याचा आवाज येत होता आणि साहेबांशी तेथे वाद घालणे मला बरे वाटले नाही. साहेब फिर्याद देणार आहेत हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

व्हॉल्व्ह त्या दिवशी उघडला नाही. पाणी आले नाही. गल्लीतल्या बायकांनी आपापल्या रांजणातून घरटी एकेक घागर आणून दिली. त्यांची पाळी होऊन पाच दिवस झाले होते, म्हणजे रांजणांत थोडेच राहिले असणार. टेकडी गल्लीतूनही दोघी घागरी घेऊन खाली उतरल्या. त्यातली एक म्हणाली, "सोमेशनं आमच्यापायी कुलपं लावली. आमीच न्हाई आलो तर कोण येईल?" शरणम्मांना त्या पाण्याने अंघोळ घातली. अंत्यविधी करणारे स्वामी आल्यावर सायंकाळी माती झाली. मी गेले होते.

मंगळवारी मी मामांच्या घरी गेले. त्यांना आदल्या दिवशी ठाण्यात बोलावून नोटीस दिली होती आणि त्यांनी कबुलीही दिली होती. त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आहे. गुन्हा असल्यास तो विषय घेता येत नाही. हे त्यांना माहीत आहे का, असे मी विचारले. ते म्हणाले, "ते मला माहीत हाय." मग खोटे का बोललात, असे विचारले. त्यावर ते म्हणाले, "त्याची माय दारात ठेवल्याली. त्याला चौकीत नेलं असतं तर खांदा कोण दिला असता? मी म्हणलो, माती होऊ दे, मग सांगू खरं. एकदा लिहिल्यालं परत घेता येत न्हाई, हे आमाला काय ठाऊक? आमी आपलं व्हॉल्व्हसारखं समजलो. उघडलं, बंद केलं." त्यांची पत्नी कस्तुराबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तीस वर्सं दुसऱ्याचं पाणी सोडलं ह्यांनी. आता नोकरीवर पाणी सोडलं." मामा त्यांना गप बस म्हणाले, पण हसले.

बुधवारी सोमेश उस्तुरगे कार्यालयात माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी आधी नवा व्हॉल्व्ह कधी बसेल ते विचारले. मी सांगितले की मागणी पाठवली आहे, उदगीरहून येईल.  मग त्यांनी विचारले, "तुम्ही आलात तेव्हा पहार कुणाच्या हातात होती?" मी म्हणाले, "तुमच्या." ते म्हणाले, "बरं." मग म्हणाले की त्यांच्या गटातल्या लोकांनी त्यांना गप्प राहायला सांगितले आहे, सभापतीवर गुन्हा दाखल झाला तर पद जाईल. मामांचे काम आपण करून देऊ, असेही म्हणाले. मी सांगितले की गुन्हा असलेल्या माणसाचे काम कोणालाच करून देता येत नाही. ते उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "काकांनी त्या दिवशी विचारलं होतं ना, मॅडम. मी काय बोललो ते तुमच्या ध्यानात हाय?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "माय तवा घरात बाजेला खिळल्याली होती. मला ठाऊक होतं." हे त्यांनी मला सांगितले, मी विचारलेले नव्हते.

सभेतील हा मजकूर गुन्ह्याशी संबंधित नाही, तो वगळावा का, असे मला हवालदार साहेबांनी विचारले. मला तो राहावा असे वाटते. सभेच्या इतिवृत्तात विनोद लिहीत नाहीत, त्यामुळे तो दुसरीकडे कोठे राहणार नाही.

पुढच्या सभेसाठी मी एक विषय दिला आहे. ज्या घरी मयत झाली असेल त्या गल्लीस अर्जाशिवाय पाणी सोडावे आणि किल्ली नरसिंग तेलंगे यांच्याकडे राहावी, असा तो आहे. सूचक म्हणून रेवणप्पा कोरे यांनी सही केली आहे. अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे.

आज मी जबाब देण्यास आले तेव्हा सोमेश उस्तुरगे ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलेले होते. त्यांच्यासोबत कोणी नव्हते. मी विचारले, "तुमचा झाला का जबाब?" ते म्हणाले, "न्हाई. तुम्ही आधी जावा." मी विचारले की का. ते म्हणाले, "तुमचा लिहून झाल्यावर मला दुसरं काही सांगता येणार न्हाई." म्हणून मी आधी आत आले.

माझी नरसिंग तेलंगे यांच्याविरुद्ध काहीही तक्रार नाही. तुटलेले कुलूप व वाकलेला दांडा याबाबत मी जे पाहिले तेच सांगितले आहे.

वरील मजकूर मला मराठीतून मोठ्याने वाचून दाखविला. त्यात एका ठिकाणी 'आरोपी' असे टाइप झाले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'नरसिंग ग्यानोबा तेलंगे' असे पूर्ण नाव घातले. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करते. बाहेर बाकावर बसलेल्या गृहस्थांना आता आत बोलवावे, असे मी हवालदार साहेबांना सांगितले आहे.

सही
दीपमाला बालाजी इंगोले