दीपमालाताई कुठं चालल्या?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या प्रभागाचे माजी नगरसेवक आदरणीय तात्यासाहेब. हातातली कामं बाजूला ठेवून फुलंब्रीहून आलेले प्रमुख पाहुणे नानासाहेब. आज या व्यासपीठावर बसलेल्या आणि लवकरच आणखी मोठ्या व्यासपीठावर बसायच्या तयारीत असलेल्या, तात्यासाहेबांच्या सूनबाई तनुजाताई. सत्कारमूर्ती दीपमालाताई कुशवाह. पुंडलिकनगरातल्या माता-भगिनींनो, आणि मागं दाराजवळ जेवणाच्या वासाकडं तोंड करून उभ्या असलेल्या माझ्या बंधूंनो,

मी सोनाजी शिंगाडे, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात मी बोलतो आणि प्रत्येक कार्यक्रमात दोन मिनिटं झाली, की तात्यासाहेबांची चिठ्ठी येते, ‘आवरा’. आज मात्र आल्या आल्या त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “सोनाजीराव, आज सावकाश. तीन वाजेपर्यंत बोललात तरी चालंल.” एवढा मान मला या मंडळात पहिल्यांदाच मिळतोय. मी त्यांना वाकून नमस्कार केला. मग मी घड्याळ पाहिलं.

आधी या बॅनरविषयी. माझ्या पाठीमागं ‘निरोप समारंभ’ असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. बॅनर सुंदर झालाय. तात्यासाहेबांचा फोटो मधोमध आहे, ताईंचा खाली कोपऱ्यात आहे, कुंड्या जरा सरकवल्या तर दिसतो. ताईंना निमंत्रण गेलं होतं सत्काराचं. त्यांनी दारातच बॅनर वाचला आणि मला विचारलं, “काका, कोण चाललंय?” मी म्हणालो, “आधी आत तर या.”

ताई कोण, हे माहीत नसलेलं इथं कुणी असेल तर त्याच्या घरी भाकरी होत नसावी. तरी सांगतो. ताई मूळच्या मध्य प्रदेशातल्या, रीव्याकडच्या. यजमान वाळूजला कंपनीत आहेत. ताई लग्न होऊन इथं आल्या, पोरं इथं झाली, आणि कोपऱ्यावर त्यांनी पिठाची गिरणी टाकली. नव्या होत्या तेव्हा ज्वारीला बाजरी म्हणायच्या आणि बाजरीला ‘वो वाली’. आज दळणाच्या डब्यावरून कुणाकडं पाहुणे आलेत ते ओळखतात. कुणाची सून रुसून माहेरी गेलीय, तेही ओळखतात, पण सांगत नाहीत. हा गुण आपल्यापैकी कितीजणांत आहे?

आता हा निरोप कसा ठरला, ते मी साक्षीदार म्हणून सांगतो. मागच्या महिन्यात ताई भावाच्या लग्नाला रीव्याला निघाल्या. बॅग घेऊन तात्यासाहेबांच्या दारात थांबल्या. मी तिथं चहा पीत होतो. ताई म्हणाल्या, “तात्यासाहेब, जाते मी.” आपल्याकडं घरातून बाहेर पडणारं माणूस जाते म्हणत नाही, येते म्हणतं. कोथिंबीर आणायला निघालं तरी येते म्हणतं. आतून साळूबाई वहिनी ओल्या हातानं धावत आल्या, “अगं बाई, येते म्हण, येते!” पण तोवर तात्यासाहेबांचा चेहरा उजळला होता, निवडणूक तोंडावर होती आणि गिरणीवरच्या बायांत ताईंच्या शब्दाला किती वजन आहे, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी विचारलं, “कायमच्या का?”

इथं जरा लक्ष द्या. हिंदीत कायम म्हणजे जागेवर टिकून असलेलं. ताईंना निघायच्या धांदलीत वाटलं, गिरणी कायम आहे ना, असं विचारतायत. त्या रिक्षात बसता बसता म्हणाल्या, “व्हय तात्यासाहेब, एकदम कायम!” आणि रिक्षा गेली. तात्यासाहेबांना हिंदी येत नाही असं नाही. ते दिल्लीला शिष्टमंडळातून जाऊन आलेत. त्या दिवशी नेमकी आली नाही.

लग्न आटोपून ताई परत आल्या, गिरणी सुरू झाली. दरम्यान आपल्या प्रभागातली एक जागा सर्वसाधारण महिलेसाठी सुटली. ताईंनी गिरणीवरच्या बायांना सांगितलं, की मी उभी राहणार. आणि दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या बैठकीत ठराव झाला, की या परत आलेल्या बाईंना आता थाटामाटात निरोप द्यायचा. तारीख ठरली आजची. झोन कार्यालयात उमेदवारी अर्ज घ्यायचा आजच शेवटचा दिवस, तोही दुपारी तीनपर्यंतच, हा योगायोग समजायचा. उशिराचा मुहूर्त काढला असता तर जेवणं थंड झाली असती.

असो. बाहेरच्या राज्यातून आलेल्या माणसानं इथल्या निवडणुकीला उभं राहावं का? तात्यासाहेबांचं म्हणणं मी त्यांच्यासमोरच मांडतो. ते म्हणतात, “बाहेरचं माणूस ते. उद्या नवऱ्याची बदली झाली, की सामान बांधून जाईल. मग नळाला पाणी नाय आलं तर लोकांनी कुणाच्या दारात जायचं? रीव्याला?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जो इथं राहणार आहे त्यानंच इथल्या वतीनं बोलावं, हे मला पटतं. इथली भाषा यायला पाहिजे, हेही पटतं. निवडणुकीच्या तोंडावर कुठून कुठून माणसं आणून उभी करतात आणि निकालानंतर ती सापडत नाहीत, हे आपण बघितलेलं आहे. त्यातली बरीचशी याच राज्यातली होती, ही गोष्ट वेगळी.

पण बाहेरचं म्हणजे नक्की कुठपासून? तात्यासाहेबांचं मूळ गाव पैठणकडचं, ते धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा ते इथं आले. माझे वडील जन्मले निजामाच्या राज्यात, त्यांचं लग्न झालं मुंबई राज्यात आणि मी झालो महाराष्ट्रात. सगळं फुलंब्रीच्याच शिवारात. म्हणजे महाराष्ट्रात आम्हीही बाहेरूनच आलो. फरक एवढाच, की ताई रेल्वेनं आल्या आणि आम्ही जागचे न हलता आलो.

आणि तसं बघितलं तर आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं. गावोगावचे शेतकरी आम्हाला बोलवायचे. रानात मेंढरं बसवा म्हणायचे, कारण लेंडीखत पडलं, की पीक जोमात येतं. खत पडलं, की सकाळी ज्वारी द्यायचे, टॉवेल-टोपी द्यायचे आणि गोड बोलून वाटेला लावायचे. त्याच गावाच्या चावडीवर वडील कधी टेकले नाहीत. ते म्हणायचे, “मेंढरं बसवत्यात, आपल्याला नाय बसवत.” त्यांना त्याचं लई वाईट वाटायचं. मला अजून वाटतं. म्हणून कुठंही शाल-श्रीफळ दिसलं, की मी आधी बघतो, या माणसाला बसवतायत का उठवतायत?

तनुजाताईंना पक्षाचं तिकीट मिळालंय, त्यांचं मनापासून अभिनंदन. मी पण आयुष्यभर तिकिटंच दिली. गाडीत चढलेल्या माणसाला तुम्ही मूळचे कुठले, असं मी कधी विचारलं नाही. कुठं जायचंय, एवढंच विचारलं.

आता एक छोटा खुलासा. दीपमालाताईंच्या अर्जावर सूचक म्हणून सही माझी आहे.

तात्यासाहेबांना कुणीतरी पाणी द्या.

याचा अर्थ माझं मत ताईंना, असा कुणी काढू नये. सही उघड असते, मत गुप्त असतं. तनुजाताई शिकलेल्या आहेत, माझ्या डोळ्यासमोर नांदायला आल्यात, कदाचित त्यांनाच देईन. मी अजून ठरवलेलं नाही. पण ठरवायला समोर दोघी तर पाहिजेत? उभं राहायचं का, हे ताईंनी ठरवायचं. बसवायचं का, हे आपण. त्याच्या आधीच हार घालून एकीला वाटेला लावलं, तर मग आपण मतदान कशाचं करायचं?

अर्ज उमेदवारानं किंवा सूचकानं स्वतः जाऊन द्यावा लागतो. मंडळानं आम्हा दोघांनाही व्यासपीठाच्या मधोमध बसवलंय, दोन्ही बाजूंना पाहुण्यांची रांग लावलीय. माझ्यानंतर अजून बरेच वक्ते आहेत, मग गाण्यांचा कार्यक्रम, मग ताईंचं मनोगत. व्यवस्था अतिशय चोख आहे, संयोजकांचं कौतुक केलं पाहिजे. फक्त नानासाहेब, आपण जरा पाय आत घेतलात तर उपकार होतील. ताईंना निघायला वाट पाहिजे.

तर मंडळाचे आभार, मांडववाल्यांचे आभार, आचाऱ्यांचे जेवायच्या आधीच आभार. तात्यासाहेबांचे विशेष आभार, त्यांनी मला भरपूर वेळ दिला होता, त्यातला बराचसा मी शिल्लक टाकतोय, तो ताईंना लागेल. बोलताना कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर घरातल्या म्हाताऱ्याचं बोलणं समजून पोटात घाला.

ताई, शाल अंगावर राहू द्या, बाहेर ऊन आहे, डोक्यावरून घ्या. अर्जाची पिशवी घेतलीत ना? दाराजवळच्या बंधूंनो, थोडं सरका. काय म्हणालात ताई? इथं माईकवर या, मागं ऐकू गेलं नाही. बरं, मीच सांगतो.

मंडळी, त्या म्हणतायत, “तात्यासाहेब, येते मी. अर्ज भरून येते.”

साळूबाई वहिनी, ऐकलंत? या वेळी बरोबर म्हणाल्या. आता बाकीच्यांनी बसून घ्या. ताईंची खुर्ची तेवढी कुणी उचलू नका, त्या येणार आहेत.