एनोकाची जुळणी

—ते सगळं नंतर, आधी बूट बाहेर काढ, नाहीतर मोमी ओरडेल. माझी बायको. स्वयंपाकघरात आहे, दिसत नाही, पण ऐकते सगळं. हां, बस. आणि मला काकाच म्हण, इथं हवाईत, आमच्या हिलोत माझ्या वयाच्या कुठल्याही माणसाला काकाच म्हणतात, त्यानं काही वारसाहक्क मिळत नाही तुला. तर काय म्हणत होतास? लास व्हेगासचा विकणारा, ऑनलाइन लिलाव, तू जिंकलास, आणि आता किंमत करून घ्यायला कॅलिफोर्नियाहून थेट माझ्या दारात. माझंच नाव सांगितलं का गावातल्या त्या गिटारच्या दुकानवाल्यानं? बरं केलं. मांडीवर आडवी घेऊन लोखंडी दांडीनं वाजवायची ही गिटार माझ्याइतकी कुणी उचकटलेली नाही या बेटावर — वाजवणारे माझ्यापेक्षा चांगले होते, होता एक, पण ते राहू दे.

किंमत ना? पेटी न उघडताच सांगतो — फसलास. काळ्या बेकेलाइटची, त्या जुन्या प्लास्टिकची आहे ना? मग झालं! स्टेजचे दिवे लागले की तापते, आणि तापली की दुसरं गाणं येईपर्यंत बेसूर. वर ते घोड्याच्या नालाच्या आकाराचे लोहचुंबक — इतक्या वर्षांत त्यांचाही जोर जातो, माझा गेला तसा — मोमी, हसायचं काम नाही! आणि आवाजाचं बटण मागाहून बसवलेलं, आणि पाठीवर कोपऱ्यात हा एवढा टवका, ट्रकच्या फळीवरून पडली तेव्हाचा — काय? लिलावात पाठीचा फोटो नव्हता? नव्हता का? मग मला कसं — अरे, या जातीच्या सगळ्यांनाच असतो टवका, तिथं पातळच असतात त्या. मुसुबी खा. भात आणि मांस आहे, विष नाही. निम्म्या पैशात मला देऊन टाक आणि सुटलास म्हण, तुझ्याच भल्याचं बोलतोय.

का हसतोयस? तो 'म्हातारा खेकडा'? हां, आला असेल कुणी तरी त्या नावानं लिलावात, शेवटपर्यंत तुला चढवत नेलं असेल, मला काय — बरं, मीच तो. मीच! नातीनं नाव ठेवलंय ते. आणि जिंकलो असतो, पण अगदी शेवटी चष्मा सापडेना, आणि तो माझ्याच कपाळावर, आणि ही बया समोर उभी राहून सांगत नाही! म्हणते, मला वाटलं मुद्दाम वर ठेवलाय. तेवढ्यात तू झडप घातलीस. आता लिलावात हरलेल्या माणसाकडेच तू किंमत विचारायला आलास — याला काय म्हणावं? उंदरानं मांजराला पत्ता विचारावा तसं झालं हे.

एनोकाची आहे ती. माझा थोरला भाऊ. वाइकीकीच्या हॉटेलात आम्ही दोघं वाजवायचो, गळ्यात कागदी हार, समोर भाजून लाल झालेले पाहुणे. गिटार सगळे वाजवायचे रे, पण एनोकाची जुळणी कुणाकडेच नव्हती. कुठली तार कुठल्या सुरात लावायची, हे आमच्याकडे कुणी कुणाला सांगत नाही, बायकोला सांगत नाही. मधली सुट्टी झाली की उठायच्या आधी सहाच्या सहा तारा उतरवायच्या, ढिल्या सोडायच्या, म्हणजे मागून कुणी छेडून बघितल्या तर हाती काय लागेल? कपाळ! पण लोकांपासून लपवलंस ते ठीक, माझ्यापासूनही? सख्ख्या भावापासून? मी एकदा विचारलं, तर म्हणाला, तुझे कान आहेत की करवंट्या? त्यावरून जे वाजलं ते वाजलंच. तो व्हेगासला गेला. मग ना त्यानं फोन केला, ना मी. मोमी म्हणायची, कर. मी म्हणायचो, थोरला तो आहे, त्यानं करावा. आता करा म्हणावं फोन.

गेला तो. व्हेगासच्या खोलीत खुर्चीतच सापडला, गिटार मांडीवर. घरमालकानं सामान विकलं. आणि लिलावातल्या फोटोत बघतो तर काय — तारा ताणलेल्या! जन्मात पहिल्यांदा त्याला उतरवायला मिळाल्या नाहीत. समजलं आता, खेकडा का पिसाळला ते? पण तू आतापर्यंत नव्या तारा चढवल्या असशील, लख्ख पुसली असशील, तेव्हा आता काय... नाही? का नाही? ओरिजिनल म्हणून? धूळसुद्धा ओरिजिनल! विकणाऱ्यालाही बजावलंस, हात लावू नको, भाव उतरेल? अरे देवा. एरवी तुम्हा हौशी लोकांना मी किती शिव्या घालतो माहितीये? मोमी, तो पंखा बंद कर.

उघड. किंमत करायची तर ऐकायला नको? फोन खाली ठेव. पालथा. शूटिंग नाही.

गंजल्यात. सगळ्याच उतरल्यात थोड्या, पण एकमेकींना धरून उतरल्यात... ही बरोबर. ही पण, ही सगळ्यांचीच अशी असते. ही... थांब. परत ऐकतो. चौथी. चौथी जरा खाली आहे — मोमी! मोमी, बाहेर ये, ही ऐक! आईच्या गिटारचा सूर गं! तिच्या चौथ्या तारेची खुंटी सरकायची, दोरा गुंडाळला तरी सरकायची, आणि आई तशीच वाजवायची, त्याच पडक्या सुरात गायची, आम्ही दोघं तेच ऐकत झोपायचो. हे होतं होय तुझं गुपित, एनोका? झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि उघडली तर आत आपलीच आई! करवंट्याच की रे माझे कान. हो, रडतोय. बघ खुशाल.

आता ओरडू नकोस. एक... हात सोड म्हणतो ना, तुटत नाहीत, उतरवतोय फक्त. दोन. थोरल्याला जमलं नाही, तर धाकट्यानं करायचं असतं. झालं, सगळ्या ढिल्या. भाव कसा उतरेल? लिलावात गिटार होती, जुळणी नव्हती; गिटार तुझी, घेऊन जा, दिलेस त्याच्या दुप्पट येतील, मघाशी मी खोटं बोललो. आणि ओरिजिनलच हवी ना तुला? मग एनोका पेटीत ठेवायचा तेव्हा ती अश्शीच असायची.

उरलेली मुसुबी ने. बूट तिकडे आहेत. जा आता, मला फोन करायचाय — नाही, कुणाला नाही. जा.