चौथ्यांदा विचारलं तेव्हा

लॉर्ना: विवाह नोंदणी कार्यालयात मंगळवारी साडेदहाची वेळ मिळालीय. आधी दोघांनी जाऊन नोटीस द्यायची, मग अठ्ठावीस दिवस थांबायचं आणि सही करायची. दहा मिनिटांचं काम. तेवढे दिवस तर तू काढशील.

नेव्हिल: मी येणार नाही.

लॉर्ना: ऑड्री, ऐकलंत? तुमचा भाऊ येणार नाही म्हणतो.

ऑड्री: ऐकलं. मी बहिरी आहे ती फक्त डाव्या कानाने.

नेव्हिल: लॉर्ना, एकतीस वर्षं आपण कागदाशिवाय राहिलो. नीट राहिलो. आता मरताना सरकारच्या दारात जाऊन शिक्का मारून घ्यायचा? माझ्या तत्त्वात बसत नाही.

लॉर्ना: तत्त्व! वकीलबाईंचं पत्र वाचलंस ना? घर तुझ्या एकट्याच्या नावावर. मृत्युपत्रात माझ्यासाठी ठेवलंस, उपकार झाले. पण मी बायको नाही, म्हणून सरकार एक लाख नव्वद हजार पौंड वारसा कर मागणार. बायको असते, तर एक पेनी नाही. हप्त्यांनी भरा म्हणाल्या, दहा वर्षं, वर व्याज. माझ्या पेन्शनमधून? दातांच्या डॉक्टरकडे फोन उचलायचे मी, नेव्हिल. दवाखाना माझ्या मालकीचा नव्हता.

नेव्हिल: घेतलं तेव्हा या घराला कुत्रं विचारत नव्हतं. लंडनवाले येऊन भाव चढवतील, हे मला काय ठाऊक?

लॉर्ना: सगळ्या व्हिट्स्टेबल गावाला ठाऊक होतं. वकीलबाई म्हणाल्या, दहा वर्षांपूर्वी अर्धं घर माझ्या नावावर केलं असतं, तरी त्या अर्ध्यावर कर लागला नसता. दिल्यानंतर सात वर्षं जगायचं, एवढीच अट. तू तर दहा वर्षं आरामात जगलास.

नेव्हिल: मरणाचा हिशेब सात वर्षं आधी कोण मांडतं?

लॉर्ना: ज्याला दुसऱ्याची काळजी असते तो. असो. मी तीनदा विचारलं होतं. पहिल्यांदा बाळ गेलं तेव्हा. दुसऱ्यांदा आई आजारी पडली तेव्हा. तिसऱ्यांदा माझ्या साठाव्या वाढदिवसाला, दोन ग्लास वाइन पिऊन, म्हणजे नाही म्हणालास तर हसण्यावारी नेता येईल. आता चौथ्यांदा विचारतेय. आता प्रेमाबिमाचं काही नाही. मला डोक्यावर छप्पर हवंय. मंगळवारी चल.

नेव्हिल: नाही.

लॉर्ना: का?

ऑड्री: सांग तिला.

नेव्हिल: ऑड्री, तू मध्ये पडू नकोस.

ऑड्री: मी पन्नास वर्षं मध्ये पडले नाही. तू सांग, नाहीतर मी सांगते.

लॉर्ना: काय सांगायचंय?

ऑड्री: मंगळवारी तिथे कागद मागतील. पासपोर्ट, विजेचं बिल. आणि घटस्फोट झालेला असेल तर त्याचा कागद.

लॉर्ना: हो, यादीत आहे. तेच मी विचारणार होते. वरच्या कपाटातल्या खोक्यात पाहिलं, मिळाला नाही. कुठे ठेवलायस, नेव्हिल?

नेव्हिल: नाहीये.

लॉर्ना: हरवला? मग कोर्टातून नक्कल मिळते. मी आजच फोन करते—

नेव्हिल: हरवला नाही. नाहीच आहे.

लॉर्ना: म्हणजे?

ऑड्री: म्हणजे घटस्फोट झालाच नाही. जिलियनचं आणि याचं लग्न अजून उभं आहे. त्या लग्नात मी पिवळा झगा घालून करवली होते.

(लॉर्ना खुर्ची ओढून बसते.)

लॉर्ना: आपण भेटलो, त्या पहिल्याच दिवशी तू मला सांगितलंस, माझा घटस्फोट झालाय.

नेव्हिल: होणार होता. जिलियनने आधी नकार दिला, तिच्या चर्चला घटस्फोट चालत नाही म्हणून. मग वेगळं राहून पाच वर्षं उलटली की तिचा होकार लागत नव्हता, मला एकट्यालाही करता आला असता. फॉर्म आणले होते. कोर्ट, वकील, ते सगळं पुन्हा उकरायचं... ठेवून दिले. मग तू आलीस. तुला सांगून बसलो होतो. वाटलं, गुपचूप उरकून टाकू.

लॉर्ना: एकतीस वर्षांत?

नेव्हिल: दर वर्षी जास्त अवघड होत गेलं.

लॉर्ना: मग ते तत्त्व? 'ज्यांचा एकमेकांवर भरवसा नाही, त्यांनी लग्न करावं.' माझ्या आईसमोर म्हणालास हे. ती कॉर्नवॉलहून यायची आणि बंदरापाशी खोली भाड्याने घेऊन राहायची, लेकीचं घर दोन गल्ल्यांवर असताना. मी तिच्याशी भांडले, नेव्हिल. तुझ्या बाजूने. तुझी वाक्यं मी तिला जशीच्या तशी ऐकवली. तिला म्हणाले, तू जुन्या काळातली, तुला कळणार नाही.

नेव्हिल: पुढे पुढे मलाही ते खरंच वाटायला लागलं होतं. शपथेवर सांगतो.

लॉर्ना: मला पहिल्या दिवसापासून खरं वाटत होतं! ऑड्री, आणि तुम्ही? दर नाताळला या टेबलावर जेवलात.

ऑड्री: दर नाताळला याला सांगायचे. तू भांडी घासायला आत गेलीस की. हा म्हणायचा, नवीन वर्षात करतो.

लॉर्ना: मला का नाही सांगितलंत?

ऑड्री: भाऊ आहे माझा. आणि तू खूश दिसायचीस. चुकलं माझं.

लॉर्ना: आता करता येणार नाही? घटस्फोट?

नेव्हिल: कमीत कमी सहा महिने लागतात. तू औषधं आणायला गेली होतीस, तेव्हा वकीलबाईंना फोन करून विचारलं.

लॉर्ना: आणि डॉक्टर म्हणतात, नाताळ दिसला तर दिसला.

नेव्हिल: हो.

लॉर्ना: आणखी काय म्हणाल्या त्या?

नेव्हिल: काही नाही.

लॉर्ना: नेव्हिल. आज एवढं सांगितलंस, तर उरलेलंही सांग.

नेव्हिल: म्हणाल्या... हेच घर जिलियनला ठेवलं, तर कर लागणार नाही. एक पेनी नाही. कायद्याने तीच बायको.

लॉर्ना: किती वर्षांत तोंड पाहिलं नाहीस तिचं?

नेव्हिल: पंचेचाळीस.

लॉर्ना: छताला दोनदा डांबर लावलं मी, शिडीवर चढून. मागच्या भिंतीची ओल काढली. तुझ्या उलटीची बादली सकाळी मीच ओतली. आणि बायको ती.

नेव्हिल: मी घर तिला ठेवत नाहीये, लॉर्ना. तुझंच आहे.

लॉर्ना: माझं काही नाही. तू गेलास की पाटी लागणार, विक्रीसाठी. लंडनचं कुणी जोडपं येईल, स्वयंपाकघराची भिंत पाडायची का, ते माझ्यासमोर उभं राहून ठरवेल. कर चुकवून जे उरेल, त्यात मी कुठेतरी आत, समुद्र दिसणार नाही असा एखादा फ्लॅट घेईन. उपाशी मरणार नाही. तेवढं समाधान घेऊन जा.

नेव्हिल: माफ कर.

लॉर्ना: आत्ता नाही. नाताळपर्यंत जमलं तर बघते. पाय वर घे, सुजलेत. उशी देते.

नेव्हिल: तू मला सोडून जाणार नाहीस ना?

लॉर्ना: कुठे जाऊ? आणि तुझं कोण करणार? ही बिचारी ऐंशीची, तिला जिना चढवत नाही.

ऑड्री: मी मंगळवारची वेळ रद्द करायला फोन करू का?

लॉर्ना: करा. ऑड्री, जिलियनचा पत्ता आहे तुमच्याकडे?

ऑड्री: आहे. लेस्टरलाच असते अजून. नाताळला कार्ड पाठवते मला.

नेव्हिल: तिचा पत्ता कशाला हवाय?

लॉर्ना: पत्र टाकायचंय.

ऑड्री: तू नको. मी लिहिते.

लॉर्ना: नाही, मीच लिहिते. तिच्या नवऱ्याला नेमकं काय झालंय, ते मलाच नीट सांगता येईल.