जन्मतारखेचा रकाना

एसटीच्या अर्ध्या तिकिटाचं कार्ड काढायला वैजापूरला तहसीलच्या रांगेत उभा होतो. माझ्यापुढं एकाच गावच्या दोन म्हाताऱ्या होत्या, द्वारकाबाई आणि जुलेखाबी. टेबलापलीकडं कारकून.

“जन्म कधीचा, द्वारकाबाई?”

“रझाकारीतला. निजामाच्या माणसांनी आमच्या आज्याला मारलं तवा. माय जवारीत लपली व्हती, तिथंच मी झाले.”

“तुमचा, खाला?”

“पुलिस ॲक्शन का. फौज आई, अब्बा कू ले गए, वापस नै आए. तब मैं माँ के पेट में थी.”

“रझाकारी म्हणा, ॲक्शन म्हणा, साल एकच. मुक्तिसंग्रामाचं. अठ्ठेचाळीस लिहितो. तारीख?”

“कुणाला ठावं?”

“तारीख माहीत नसली की आम्ही एक जून टाकतो. पण तुम्हा दोघींना सतरा सप्टेंबर टाकतो. मुक्तिसंग्राम दिन. गावोगाव झेंडावंदन असतं.”

“उस दिन हमारे घर में चूल्हा नै जलता, साहब.”

“बरं, तुमचं राहू द्या. द्वारकाबाईंना टाकतो.”

“नगं रे बाबा. दोघींला बी एक जूनच टाक. त्या दिवशी कुणाचं काय झालेलं नाय.”