बेरजेत पुढे, ऐकण्यात मागे

मंडळी, एक विचारू? देव माणसाची बेरीज बघतो, की एकेक विषय वेगळा काढून बघतो? म्हणजे असं — दान भरपूर, उपास भरपूर, जप तर विचारूच नका! दया तेवढी शून्य. एकूण टक्के झकास! मग पास, की नापास?

हसलात? पुढच्या रांगेतले जरा जपून हसले. दिसलं मला!

आता तुम्हाला वाटेल, बुवा तराजू काढणार. एका पारड्यात सोनं, दुसऱ्यात तुळशीचं पान. नाही हो! आज तुम्हाला नेतो नर्सिंगच्या कॉलेजात. चपला असू द्या पायात, लांब जायचंय.

एका गावात भालचंद्रशेठ खटावकर. भांड्यांचं दुकान. दिवसभर पातेल्यांचा खणखणाट, आणि त्याच्या वर शेठचा आवाज! घरी आले तरी तोच सूर. कुणी बोलायला तोंड उघडलं की शेठ म्हणायचे, "कळलं कळलं!" वाक्य अर्धंच असायचं, पण शेठना कळलेलं असायचं! आहेत का असे कुणी इथे? ... बायकांनी माना वळवू नयेत, उगाच घरी भांडणं होतील!

त्यांची लेक केतकी. गुणाची पोर! आजारी माणसाच्या उशाशी बसावं, एवढीच तिची आस. आणि बसायचं तर शिकून बसायचं — तेही नदीकाठच्या त्या जुन्या कॉलेजातच. दवाखान्याला लागून कॉलेज. पहिल्या दिवसापासून मुली खाटेपाशी उभ्या. जागा मात्र मोजक्या.

प्रवेशपरीक्षेचे तीन विभाग. गणित, विज्ञान आणि तिसरा — श्रवण! रुग्णाचा आवाज एकदाच ऐकवायचा, मग विचारायचं, तो काय म्हणाला, तुम्ही काय कराल? परीक्षा सगळ्या कॉलेजांना एकच. बाकीची कॉलेजं तिन्ही विभागांची बेरीज करून मोकळी! पण या कॉलेजाची रीत निराळी. श्रवणाला दुप्पट वजन! फाटकावरच्या फळ्यावर ठळक लिहिलेलं. शेठनी वाचलं का? छे! त्यांना कळलेलं होतं!

निकाल लागला. बेरजेत केतकी पहिली! शेठनी दुकानात पेढे वाटले. आणि प्रवेशाची यादी लागली, तर केतकी बाहेर! शेवटची जागा गेली सुगंधा नावाच्या मुलीला. तिची बेरीज कमी, पण श्रवण सरस. श्रवणाचे दुप्पट केले, आणि केतकी एका प्रश्नानं मागं पडली. एका प्रश्नानं, मायबाप!

शेठ तडक कॉलेजात. मागं केतकी, मान खाली. प्राचार्या इंदुमतीबाई केळुसकर चष्मा पुसत बसल्या होत्या.

"बाई, ही कुठली पद्धत? शाळेत बेरीज शिकवतात की नाही? माझी पोर पहिली आहे!"

"बसा तर खरं, शेठ."

"बसायला आलो नाही! वजनात मारणारे दुकानदार पाहिलेत मी, पण कॉलेज पहिल्यांदा बघतोय!"

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "गणित चुकलं तर शेजारची सिस्टर पडताळून बघते. पण रुग्णाचं बोलणं चुकीचं ऐकलं, तर ते पडताळायला कुणी नसतं हो. म्हणून दुप्पट." मग केतकीकडे वळल्या. "तुझा चुकलेला प्रश्न ऐकायचाय, बाळ?"

केतकीनं मान डोलावली. बाईंनी परीक्षेतला तो आवाज यंत्रावर लावला. एक म्हातारी, दम लागलेली — "काही नाही गं पोरी... ओट्यावरनं पाय सरकला... हातातल्या बांगड्या वाढल्या, एवढंच."

बाईंनी विचारलं, "तू काय उत्तर दिलंस?"

"बांगड्या जास्त झाल्यात, हात सुजण्याआधी उतरवून ठेवाव्यात..."

आणि शेठ उसळले! "अगं, जास्त कुठल्या झाल्या? वाढल्या म्हणजे फुटल्या! बायामाणसं बांगडी फुटली म्हणतात का कधी? काच घुसली असेल म्हातारीच्या हातात, आधी ती बघायची! एवढं कळत नाही?"

... झालं! मंडळी, झालं! भांडायला आलेल्या बापानं लेकीच्या विरुद्ध साक्ष दिली!

> फुटली ग बांगडी, बाई म्हणते वाढली
> दुःखाची घोंगडी तिनं दाराआड झाडली

अशी आपली भाषा, मायबाप! मोडलेल्यालाही वाढलं म्हणते. शब्द ऐकून भागत नाही, शब्दामागची बाई ऐकावी लागते.

शेठ हळूच म्हणाले, "केतके, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"आई सांगायला लागली की तुम्ही म्हणायचात, कळलं कळलं. मग ती गप्प बसायची. मी कुणाकडून ऐकणार, बाबा?"

काय वाटलं असेल हो त्या बापाला? त्यांनी बाईंना हात जोडले. "चूक माझ्या घरची. पोरीला शिक्षा नको. एक जागा वाढवा!"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण बाई म्हणाल्या, "सुगंधानं ती काच ऐकली, शेठ. जागा तिची."

आणि आता पोरीकडे बघा! रडली नाही, रुसली नाही. म्हणाली, "बाबा, बाईंचं बरोबर आहे. मी त्या आजींच्या बांगड्या उतरवायला गेले असते, तर काच आणखी आत गेली असती." वाहवा! आपली हार अशी डोळे उघडे ठेवून बघणारी माणसं किती, सांगा!

वर्षभर केतकी गावच्या दवाखान्यात बाकावर जाऊन बसायची. नंबर लावून थांबलेल्या बायकांशेजारी. सल्ला नाही, उपदेश नाही. "मग, मावशी?" एवढंच म्हणायची, आणि थांबायची. घरी आई बोलायला लागली. शेठनी "कळलं" म्हणायला तोंड उघडलं, की स्वतःच मिटलं!

दुसऱ्या वर्षी परीक्षा. बेरीज मागच्या वर्षीपेक्षा कमी! श्रवणात मात्र पैकीच्या पैकी! यादीत नाव लागलं, आणि शेठ फळ्यासमोर उभे राहून रडले — आवाज न करता. आयुष्यात पहिल्यांदा!

आता तुमची पाळी. कथा ऐकलीत, माना डोलावल्यात. त्याचे गुण नाहीत! आज सकाळी घरात कुणी म्हणालं असेल, "मला काय होतंय? बरी आहे मी." तुम्ही काय ऐकलंत? बरी आहे, एवढंच? देवाघरी हा विभाग वेगळा तपासतात हो! तिथं दानाचे गुण इकडे वळवून मिळत नाहीत.

मृदंगवाले, जरा थांबा. गजर मागाहून करू. मंडळी, शेजारी बसलंय त्याच्याकडे वळा. विचारा, "कसं चाललंय?" — आणि उत्तर पुरं होईस्तोवर थांबा. मीही थांबतो.