चौकातली रोवणीवाली

तुम्ही चौकातल्या पुतळ्याचं म्हणता, म्हणून आमच्या मावशीचं सांगतो. स्वातंत्र्य मिळून चार-दोन वर्षं झाली असतील. मावशीनं तोवर गोंदियात विहिरी खोदल्या होत्या, मुलींची शाळा काढली होती, तेव्हा सारे पाया पडायचे. मग तिनं बाजारचौकात धान रोवणाऱ्या बाईची संगमरवरी मूर्ती बसवली, अन् लोक विचारू लागले, "बाई, इसका फायदा क्या?" वर्षभर कोणी मूर्तीकडं पाहिलं नाही. बंडीवाले तिच्या हाताला बैल बांधत. मावशी मनातून खचली होती.

पुढच्या पावसाळ्यात चौकीदार धावत आला. "बाई, चला! नागरा गावच्या बायांनी मूर्तीची वाट लावली!"

मावशी तणतणत निघाली, मी मागे. पाहतो तर पांढरीशुभ्र मूर्ती गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली.

"कायले केलं वं हे?" मावशी ओरडली.

एक म्हातारी म्हणाली, "आमची रोवणी आज सरली, बाई. हे एवढी वाकून रोवून राहिली, अन् पायाले चिखल नाही? लोक कामचोर म्हणतील ना हिले!"

चौकीदारानं बादली उचलली.

"खबरदार, धुशील तर!" मावशी म्हणाली.

तेवढ्यात म्हातारीनं उरलेला चिखल मावशीच्याच गालाला फासला. "रोवणी सरली का मालकिणीलेबी लावा लागते, रीतच हाय आमची."

मावशी तशीच टांग्यात बसली, साऱ्या बाजारातून फिरली, अन् दुकानादुकानापुढं थांबून गाल दाखवत म्हणाली, "फायदा विचारत होते ना? हा पाहा!"