म्हाताऱ्याच्या नाकावरचा ठसा

दातांच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघंच बसलो होतो. माझ्या शेजारच्या बाईंनी लेकीच्या लॅपटॉपमध्ये डोकं घातलं होतं.

“अगं, तुझा हा म्हातारा उचकी लागल्यासारखा का चालतोय?”

“मुद्दाम, आई. मातीच्या बाहुल्या हातानं जराजरा हलवून एकेक फोटो काढतात ना, तसं दिसायला हवं.”

“मग मातीच आणायची!”

“कॉम्प्युटरवर लवकर होईल असं वाटलं होतं.”

“झालं का?”

“कसलं! तो आपणहून सगळं गुळगुळीत करतो. त्याला अडखळायला शिकवण्यातच वर्ष गेलं.”

“तू अडखळू नयेस म्हणून मी जन्मभर तुझ्यामागे धावले, आणि तू ही विद्या शिकलीस! रविवारी महोत्सवात सगळं गणगोत घेऊन येतेय मी तुझा चित्रपट बघायला. आणि याच्या नाकावर डाग कसला?”

“डाग नाही, अंगठ्याचा ठसा आहे. मातीला कुणाचा तरी हात लागलाय असं वाटावं म्हणून.”

“आधी पूस तो. संध्याकाळी पाठवायचंय ना? लोक म्हणतील, आईनं पोरीला साधी सफाई शिकवली नाही.”

“आई, तो ठसा तुझा आहे.”

“माझा?”

“तू मळून ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यावर उमटला होता, त्याचा फोटो काढला. आधी माझा लावून पाहिला, पण म्हातारा परका वाटायला लागला.”

बाईंनी आपला अंगठा पडद्यावरच्या नाकाशी धरून पाहिला.

“मग काय, पुसू?”

“हात तर लावून बघ! थोडा मोठा कर. तुझी आत्या मागे बसते, आणि तिला लांबचं दिसत नाही.”